काका प्रिंट्स पाकिटात घालून गेले ते परत आलेच नाहीत

ठाण्यातल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. वय ३६, नोकरी ऐरोलीला, राहायला वर्तकनगर. गेली तीन वर्षं ती आठ-नऊ जणांच्या ग्रुपबरोबर रविवारी पहाटे फोटो काढायला जाते, कधी येऊर, कधी ऐरोलीची खाडी, कधी सीवूड्सला टीएस चाणक्यजवळची पाणथळ, आणि महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमून सगळे आपापले फोटो दाखवतात. फेब्रुवारीच्या बैठकीला ग्रुपमधले सगळ्यात मोठे, रिटायर झाल्यावर कॅमेरा हातात घेतलेले एक काका तीन मोठ्या प्रिंट्स करून घेऊन आले. एक बोटीतून काढलेला उडणाऱ्या फ्लेमिंगोंचा थवा, एक बगळा, आणि एक पावसाळ्यात सोसायटीच्या बागेत काढलेलं शिंपी पक्ष्याचं घरटं, आत चोची उघडलेली पिल्लं. "कसे वाटले?" असं त्यांनी विचारलं. मैत्रीण म्हणाली, "काका, पहिल्यात डोळ्यावर फोकस नाहीये, होरायझन पण तिरका आहे, आणि बगळ्याचे व्हाइट्स पूर्ण उडालेत, तिसरा मात्र मस्त आहे, शार्प आहे." काकांनी प्रिंट्स पाकिटात घातल्या, चहा घेतला आणि गेले. दोन महिने झाले, ते रविवारी येत नाहीत.

त्याच बैठकीत मैत्रिणीने स्वतःच्या सासूबाईंचं पोर्ट्रेट दाखवलं होतं, त्यावर एकजण म्हणाला, "टेक्निकली परफेक्ट आहे, पण मावशी दिसत नाहीत यात." ती घरी जाताना रिक्षात रडली. आता ती विचारते, "मी खरं तेच बोलले, त्यांनीच विचारलं होतं, मग माझं चुकलं काय? आणि मला स्वतःला एक वाक्य सहन झालं नाही म्हणजे मी ढोंगी आहे का? यापुढे कोणी काही दाखवलं की फक्त छान म्हणायचं असं ठरवलंय. बरोबर आहे ना?"

प्रिय मैत्रिणी,

पत्र दोनदा वाचलं. मी वयाने बरीच मोठी आहे म्हणून सरळ तू म्हणतेय.

तू सांगितलेल्या चुका खऱ्या असणार याबद्दल मला शंका नाही, तीन वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाला तिरकी क्षितिजरेषा दिसतेच. मी अडकले ते "त्यांनीच विचारलं होतं" या वाक्यापाशी. कसे वाटले, हा प्रश्न आपण दिवसातून किती वेळा विचारतो बघ ना, नवी साडी नेसली की, पुरणपोळ्या केल्या की, मुलाने पहिल्यांदा भाषण केलं की, आणि प्रत्येक वेळी आपल्याला परीक्षण हवं असतं असं नाही, बऱ्याचदा समोरच्याने आपल्याबरोबर दोन मिनिटं त्या गोष्टीपाशी थांबावं एवढंच हवं असतं. आणि काकांनी फोटो मोबाइलवर दाखवला नव्हता, प्रिंट्स करून आणल्या होत्या. म्हणजे त्यांनी शेकडो फोटोंतून तीन निवडले, लॅबमध्ये गेले, पैसे भरले, कडा दुमडू नयेत म्हणून पाकिटात घालून आणले. त्यांच्या दृष्टीने ते फोटो पूर्ण झाले होते. सुधारणा सुचवायची वेळ प्रिंटच्या आधीची, फोटो अजून लॅपटॉपवर असतो तेव्हाची. प्रिंट झाल्यावर तिरक्या रेषेबद्दल बोललं की माणसाच्या हातात करण्यासारखं काहीच उरत नाही, फक्त वाईट वाटून घेणं उरतं.

मग काय करायचं होतं? आधी एकच प्रश्न विचारायचा होता, "काका, या फोटोत तुम्हाला काय दाखवायचं होतं?" समज ते म्हणाले असते, अगं, अख्खा थवा एकदम उठला आणि पाण्यावर सगळं गुलाबी झालं, ते. मग एका पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस आहे की नाही याला तिथे फारसा अर्थच उरत नाही, बोलायचं झालं तर थव्याच्या आकाराबद्दल बोलता येतं, कडेचे दोन पक्षी पंखातून कापले गेलेत त्याबद्दल बोलता येतं. आणि ते म्हणाले असते की मला एका फ्लेमिंगोचा क्लोजअप हवा होता पण जमला नाही, तर मग फोकसचा मुद्दा एकदम कामाचा झाला असता, आणि त्यांनी तो कान देऊन ऐकला असता. तेच वाक्य, पण एका ठिकाणी मदत आणि एका ठिकाणी नुसता ओरखडा.

दुसरं, सगळ्या चुका एका मापाच्या नसतात आणि आपण त्या एका दमात सांगतो. तिरकी रेषा घरी बसून अर्ध्या मिनिटात सरळ होते, आणि हलत्या बोटीत ती तिरकी येणारच, तिला नावं ठेवण्यात काही राम नाही. बगळ्याचं पांढरं उडणं, म्हणजे जास्त उजेडाने पिसांचे बारकावे नाहीसे होणं, ही पुढच्या वेळी टाळता येण्यासारखी गोष्ट आहे, पण ती नुसती "व्हाइट्स उडालेत" म्हणून टाळता येत नाही, कारण ज्याला ते कसं टाळायचं हे माहीत असतं त्याने ते टाळलेलंच असतं. तिथे सांगायचं असतं की काका, पाठीमागे गडद कांदळवन असलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे आणि तो सगळंच उजळ करतो, म्हणून बगळा असला की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सेटिंग, उणे एकच्या आसपास न्यायचं, आणि स्क्रीनवर उडालेले भाग लुकलुकतात ती सेटिंग चालू ठेवायची. तसंच फोकसचं. थवा उडत असेल तर शटर १/२००० सेकंदाच्या आसपास लागतं, बोट डुलत असेल तर बसलेल्या पक्ष्यालासुद्धा १/१००० च्या खाली जाऊ नये, त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढला तरी वाढू द्यावा, थोडे दाणे आलेले चालतात, हललेला फोटो मात्र दुरुस्त होत नाही. आणि काही गोष्टी कोणाच्याच हातात नसतात, पक्ष्याने मान वळवली, ढग आला, त्यांच्याबद्दल बोलूच नये.

अजून एक विचारते, रागावू नकोस. तू लिहिलंयस की तुझा कॅमेरा मागच्या वर्षी घेतलेला मिररलेस आहे आणि काकांचा सेकंडहँड घेतलेला जुना डीएसएलआर. तुझा कॅमेरा पक्ष्याचा डोळा आपला आपण शोधून धरतो. त्यांना एक फोकस पॉइंट हाताने हलवत, डुलत्या बोटीत, १५०-६०० ची जड लेन्स पेलत तो डोळा गाठायचा असतो. "डोळ्यावर फोकस नाहीये" म्हणताना हे तुझ्या मनात आलं होतं का? नसेल आलं, आणि तो काही गुन्हा नाही, पण दुसऱ्याच्या फोटोबद्दल बोलायच्या आधी तो कुठे उभा होता आणि त्याच्या हातात काय होतं हे माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

मला मिळालेला सगळ्यात चांगला सल्ला एका वाक्याचा होता. खूप वर्षांपूर्वी पाणथळीवर काढलेला शेकाट्याचा फोटो मी एका जाणत्या माणसाला दाखवला, लांब लाल पाय, काळे पंख, सगळं व्यवस्थित, तरी फोटो मेलेला वाटत होता आणि का ते मला कळत नव्हतं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "तू उभी राहून काढलायस, म्हणून मागे नुसतं पाणी आलंय आणि पक्षी त्याला चिकटलाय. पुढच्या वेळी खाली बस, जमलं तर आडवी हो." बास. काय झालंय, कशामुळे झालंय आणि उद्या सकाळी काय करायचं, तिन्ही त्यात होतं. पुढच्या आठवड्यात मी चिखलात पोटावर झोपले, कॅमेरा पक्ष्याच्या नजरेच्या उंचीला आला, मागचं सगळं लांब जाऊन धूसर झालं आणि शेकाट्या एकदम सुटून पुढे आला. तेव्हापासून दुसऱ्याला सांगताना मी स्वतःला विचारते, माझ्या बोलण्यातून हा माणूस उद्या सकाळी काही वेगळं करू शकेल का? उत्तर नाही असेल तर मी गप्प बसते.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या गोष्टीने मी सगळ्यात जास्त अस्वस्थ झाले तिच्याकडे येते, आणि ती तू अगदी जाता जाता लिहिलीयस. तिसरा मस्त आहे, शार्प आहे. अगं, शिंप्याचं घरटं कसं असतं आठव. एक-दोन पानं कडेने टोचून कापसाच्या, कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी शिवलेली असतात आणि आत कापूस-तंतूंची गादी. शेजारून माणूस गेला तरी त्याला ते दिसत नाही, तेच त्या घरट्याचं संरक्षण. मग आतली पिल्लं चोच उघडून, लख्ख उजेडात, शार्प दिसतायत म्हणजे कॅमेरा तिथपर्यंत कसा पोचला? कदाचित वरच्या मजल्याच्या खिडकीतून लांब लेन्सने सरळ आत दिसत असेल, मला माहीत नाही, आणि म्हणूनच मी काकांवर काही आरोप करत नाहीये. पण पान बाजूला केलं असेल किंवा फांदी वाकवून बांधली असेल तर पिल्लांवर ऊन-पाऊस थेट येतो, आईबाप दचकून घास घेऊन यायचे थांबतात, आणि कावळा, मांजर, भारद्वाज यांना ती जागा दिसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं, त्यांना त्रास देणं हे धरलंय, आणि बऱ्याच फोटो स्पर्धा तर घरट्याचे फोटो घेतच नाहीत.

म्हणजे बघ, ज्या दोन फोटोंनी कोणाचंच काही बिघडलं नव्हतं त्यावर तू सगळ्यांसमोर बोललीस, आणि ज्या एका फोटोबद्दल विचारायलाच हवं होतं त्याला शाबासकी दिलीस, कारण तुझं लक्ष शार्पनेसवर होतं. हे फक्त तुझं नाही, आपण सगळेच फोटो बघताना पिक्सेल बघतो आणि पक्षी विसरतो. माझं मत असं आहे की फोकस, उजेड, फ्रेम या गोष्टी समोरच्याने विचारल्याशिवाय बोलू नयेत, पण पक्ष्याला किंवा माणसाला त्रास होत असेल तर तो विचारायची वाट न बघता सांगावा, फक्त एकट्याला बाजूला घेऊन सांगावा. कोणी नवरंग पक्ष्याला बोलवायला मोबाइलवर त्याचाच आवाज पुन्हा पुन्हा लावतं, कोणी फ्लेमिंगो उडावेत म्हणून टाळ्या वाजवतं, बोटवाल्याला अजून जवळ घे म्हणतं. आपल्या दारातल्या या ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली, ते पक्षी इथे खायला येतात आणि विनाकारण उडाले की तेवढं खाणं आणि ताकद वाया जाते. इथे "छान" म्हणून सोडून देणं मला मान्य नाही.

आता तुझं पोर्ट्रेट. नाही, तू ढोंगी नाहीस. तुला लागलं कारण ते वाक्य फोटोबद्दल होतं पण त्यात तुझ्या घरातलं माणूस होतं, आणि तू ज्या माणसाला रोज बघतेस ते तुला दिसलंच नाही असा त्याचा अर्थ तू घेतलास. लागू दे. फक्त लागलेलं असताना उत्तर द्यायचं नाही आणि निर्णयही घ्यायचा नाही. दोन दिवस जाऊ दे आणि मग ज्याने म्हटलं त्याला फोन करून विचार, "मावशी दिसत नाहीत म्हणजे कुठे हरवल्या? फोटो बघितल्यावर तुझी नजर आधी कुठे गेली?" त्याचं वाक्य अर्धवट होतं, शेकाट्यावाल्या सल्ल्यासारखं पुढचं पाऊल त्यात नव्हतं, पण अर्धवट म्हणजे खोटं नव्हे. अर्धवट सल्ला मिळाला की उरलेला अर्धा आपण प्रश्न विचारून काढून घ्यायचा, हे ऐकणाऱ्याचं काम आहे, आणि हे आपल्याला कोणी शिकवत नाही.

माझा अंदाज सांगते. तू लिहिलंयस की ८५ एमएम, एफ १.८, स्वयंपाकघराच्या खिडकीचा उजेड, आणि "स्किन थोडी क्लीन केली". ७१ वर्षांच्या बाईच्या कपाळावरच्या, डोळ्यांच्या कडेच्या रेषा पुसल्या तर राहतं काय? खिडकीचा आडवा उजेड तू निवडलास तोच मुळी त्या रेषा दाखवणारा उजेड आहे, आणि मग त्या पुसल्यास. शिवाय १.८ वर, म्हणजे लेन्स एवढी उघडी ठेवून, जवळून काढलं की एक डोळा शार्प आणि दुसरा मऊ असं होतं, चेहरा जरा जरी वळलेला असेल तर. घरातल्या माणसाला एफ ४ वर काढून बघ, थोडं मागे सरकून.

हे मागे सरकणं पोर्ट्रेटवर बोलतानाही फार उपयोगी पडतं. कोणी पोर्ट्रेट दाखवलं आणि त्यात नाक मोठं दिसतंय, तर "नाक मोठं आलंय" म्हणायचं नाही, कारण ऐकणाऱ्याच्या कानाला ते त्या माणसाचं नाक मोठं आहे असंच ऐकू जातं, आणि तो माणूस त्याची बायको किंवा आई असते. नाक मोठं दिसतं कारण कॅमेरा फार जवळ आहे. दोन पावलं मागे जा आणि झूम कर, असं सांगितलं की चेहऱ्याला कोणी काही बोललंच नाही. हनुवटीखाली सावली विचित्र पडली तर उजेडाबद्दल बोलायचं, हनुवटीबद्दल नाही. जाड, काळी, वय दिसतंय, हे शब्द तर फोटोच्या बैठकीत नकोतच. गोरेपणा वाढवायची जी खोड आपल्या फोटोंना लागलीय ती मात्र जरूर दाखवून द्यावी, दिवाळे कोळीवाड्यातली मासळी विकणारी मावशी उन्हात बसून जो रंग कमावते तो आपण घरी बसून उडवायचा नसतो. आणि पाडव्याच्या स्वागतयात्रेत किंवा बाजारात अनोळखी माणसाचा फोटो काढला असेल तर बैठकीत पहिला प्रश्न हा असावा की त्यांना विचारलं होतं का, आणि दुसरा, त्यांना फोटो नेऊन दिला का.

यापुढे सगळ्याला छान म्हणायचं हा तुझा निर्णय मला अजिबात पटलेला नाही. सगळ्याला छान म्हणणाऱ्याच्या छानला काही किंमत राहत नाही, आणि तीन वर्षांनी तुम्ही सगळे तिथेच उभे असाल. कौतुकसुद्धा नेमकं करता येतं की, "मस्त" ऐवजी "पाण्यातलं प्रतिबिंब तुटू दिलं नाहीत ते आवडलं" म्हटलं तर समोरच्याला कळतं की आपण काय बरोबर केलं आणि तो ते पुन्हा करतो. मी तर म्हणेन चुका सांगण्यापेक्षा असं कौतुक शिकणं जास्त अवघड आहे, त्याला फोटो नीट बघावा लागतो.

ग्रुपमध्ये एवढंच ठरवा की ज्याचा फोटो आहे त्याने आधी एक वाक्य बोलायचं, काय दाखवायचं होतं आणि आज कशाबद्दल ऐकायचंय, की नुसता दाखवायचाय. नुसता दाखवायचाय म्हटलं की सगळ्यांनी बघायचा आणि आनंद घ्यायचा. ऐकायचंय म्हटलं की एका फोटोवर एकच सुधारणा, तीही उद्या करता येईल अशी, आणि फोटोवाल्याने तोवर स्पष्टीकरण द्यायचं नाही, अंधार होता, पक्षी लांब होता वगैरे, ते ऐकून झाल्यावर. ही शेवटची गोष्ट पाळणं फार जड जातं पण त्याने ऐकण्यात खूप फरक पडतो, मी अनुभवलंय.

काकांकडे जा. फोनवर नको, मेसेजवर तर नकोच, आणि ग्रुप घेऊन जाऊ नकोस, एकटी जा. "सॉरी पण मी खरं बोलले" असं म्हणायचं असेल तर जाऊच नकोस. म्हण की काका, तुम्ही हौसेने आणलं होतंत आणि तुम्हाला काय दाखवायचं होतं ते न विचारता मी सगळ्यांसमोर चुका काढत बसले, ते माझं चुकलं. फोटो चांगले होते असं खोटं सांगायची गरज नाही, ६५ वर्षांच्या माणसाला समजूत काढलेली कळते. त्यापेक्षा प्रिंट्स परत बघायला माग, फ्लेमिंगोंची हातात घे आणि त्या दिवशी काय झालं ते विचार, भरती होती का, थवा कशामुळे उठला, बोटीत कोण होतं. ते बोलायला लागले की ऐक. शिंप्याबद्दलही तेव्हाच विचार, आरोपाच्या सुरात नको, कुतूहलाने, "किती लांबून काढलात, दिसलं कसं?" लांबून काढला असेल तर तू त्यांच्याकडून शिकशील. पान हलवलं असेल तर शांतपणे सांग की त्याने काय होतं, बागेत पक्षी बघून हरखणाऱ्या माणसाला ते पोचेल याची मला खात्री वाटते. यंदाच्या पावसाळ्यात शिंपी परत त्याच बागेत आला तर दोघं लांब बसून आईबापांची ये-जा टिपा, चोचीत अळी घेऊन फांदीवर थांबलेल्या शिंप्याचा फोटो घरट्याच्या फोटोपेक्षा कितीतरी सुंदर येतो.

ते लगेच परत येतील असं नाही. कदाचित म्हणतील बघू, आणि दोन रविवार येणार नाहीत. आग्रह करू नकोस. पाऊस यायच्या आत, फ्लेमिंगो आहेत तोवर, भरतीची वेळ बघून एखाद्या सकाळी तुम्ही दोघंच सीवूड्सला जा, भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की पक्षी तिथे विसाव्याला येतात आणि बोटीशिवाय, जमिनीवर स्थिर बसून दिसतात. तुझा कॅमेरा थोडा वेळ त्यांच्या हातात दे आणि त्यांचा तू घे.

आणि एक राहिलं. इतकं मोठं पत्र लिहिलंस पण तो फोटो सासूबाईंना दाखवलास का, त्या काय म्हणाल्या, हे त्यात कुठेच नाही. दोन प्रिंट्स काढ, एक रेषा पुसलेली आणि एक जशी कॅमेऱ्यातून आली तशी, दोन्ही त्यांच्यासमोर ठेव. कुठली चांगली असं विचारू नकोस, भिंतीवर कुठली लावू ते विचार. कदाचित त्या पुसलेलीच उचलतील, तसं झालं तर तीच लाव, चेहरा त्यांचा आहे. त्यांनी कुठली उचलली ते मला जरूर कळव.